साखर कुणाची, रोग कुणाचा?

साखरेचा रोग म्हणजे शेठजींचा रोग, गादीवर बसून पोट सुटलेल्यांचा, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं? मला तर हा शुद्ध बनाव वाटतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाया आणि त्यांची पोरं तपासत आले. राबणाऱ्या, अर्धपोटी बायांची बाळं. वजनाला इंग्लंडच्या बाळापेक्षा पाऊणएक किलो कमी, मांस कमी, चरबी मात्र त्या मानानं टिकून. असल्या शरीरात पुढं साखर लवकर चढते. म्हणजे ज्यांच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या काही पडलं नाही, त्यांच्याच वाट्याला हाही रोग!

गरोदरपणात काय होतं ते नीट समजून घ्या. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडं जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जादा इन्सुलिन करतं, फुगतं. बाळंतपणात खांदा अडकतो. आईचा रक्तदाब चढतो. कधी मूल पोटातच जातं. जन्मलं तरी नाळ कापली की साखर बंद आणि इन्सुलिन चालूच. बाळाची साखर धाडकन उतरते, झटके येतात. बाईला आधी ना ताप, ना कळ. लोक म्हणतात, बाहेरचं लागलं.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी यायची गरज नाही. आकडा १४० किंवा वर आला तर आधी आहार बदलायचा, त्यानं नाही भागलं तर गोळी नाहीतर इन्सुलिन. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत हे लिहिलंय: पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत परत. कागद चोख आहे.

पण धाराशिवची बाई त्या आठवड्यांत असते कुठं? कळंब, वाशी, भूमच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला निघतात, कोल्हापूर-सांगलीला, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच संपलेली. नोंद गावच्या आशाताईकडं, बाई उसाच्या फडात. दोन तास दवाखान्यात बसली की मुकादम खाडा लावणार. आणि आहार बदला म्हणे! कोपीत पहाटेचा गोड काळा चहा नि शिळी भाकर, त्यात बदलायचं काय? ही बाई साऱ्या मुलखाला साखर पुरवते, आणि तिच्या रक्तातली साखर मोजायला कुणाला सवड नाही.

बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बाजूनं उभे राहिले. (त्यांना स्वतःलाही पुढं मधुमेहानं छळलं.) आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा सरकारनंही भार उचलावा, असं त्यांनी मांडलं. १९२९ ला कायदा झाला, कारखान्यातल्या बाईसाठी. फडातली बाई अजून बाहेरच.

माझं म्हणणं सरळ आहे. तपासणी फडावर आली पाहिजे, त्या दोन तासांचा खाडा लागता कामा नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासणी, कारण अशा आईला आणि तिच्या मुलाला पुढं मधुमेहाचा धोका जास्त. शहरातल्या पोरांनो, टोळ्या निघायच्या आधी गावाकडं चला. कोण बाई गरोदर, कितवा महिना, कुठल्या कारखान्याला जाणार, यादी करा. ती यादी घेऊन कारखान्याच्या गेटवर बसायचं. सुरुवात कळंबपासून.