मामू, एसटीत जाऊ का?

मागच्या महिन्यात चिखलीहून भाचा आला. चहा संपायच्या आतच त्याने विचारलं, "मामू, एसटीत ड्रायव्हर म्हणून जाऊ का? कंत्राटी भरती आहे म्हणतात." त्याच्यासोबत आलेल्या दोस्ताने परस्पर उत्तर देऊन टाकलं, "बुडत्या जहाजात कोण बसतं?" तेवढ्यात माझी आई, म्हणजे त्याची नानी, आतून म्हणाली, "काही विचारू नको. एसटी म्हणजे पक्की नोकरी. तुझ्या नानांनी त्याच पगारावर तीन लेकरं शिकवली."

मी तेव्हा काहीच बोललो नाही. दोघांच्याही बोलण्यात अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर पोराच्या आयुष्याचा निर्णय करू नये असं मला वाटलं. त्याला नंतर जे सांगितलं ते इथे लिहितो. आपल्या मोहल्ल्यांत हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

आधी नानीचं खरं. माझे अब्बा खामगाव आगारात ड्रायव्हर होते. एक तारखेला पगार येणार या भरवशावर किराणा उधार मिळायचा, शाळेची फी भरली जायची, घराचं कर्ज निघायचं. १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली एसटी धावली. पुढे बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद अशी आगारं आपल्या जिल्ह्यात उभी राहिली. शेती नाही, असलीच तर एक-दोन एकर, धंदा म्हणजे गॅरेज, पंक्चरचं दुकान किंवा हातगाडी, अशा घरातल्या मुलाला या आगारांनी खाकी वर्दी दिली. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की रेल्वेसारख्या अवाढव्य खात्यात मुसलमान जेमतेम साडेचार टक्के आहेत, आणि त्यातलेही बहुतेक खालच्या जागांवर. अशा समाजाला लेखी परीक्षा, गाडी चालवण्याची चाचणी आणि भिंतीवर लागलेली यादी यांची किंमत जास्त असते. ज्याच्यासाठी साहेबाला फोन करणारा कोणी नाही, त्याला यादीचाच आधार.

पण नानीच्या बोलण्यात एक चूक आहे, आणि ती आपल्याकडे सर्रास होते. एसटी म्हणजे सरकारी नोकरी नव्हे. ते १९५० च्या कायद्याखालचं महामंडळ आहे. शासकीय कर्मचाऱ्यासारखं पेन्शन तिथे नाही. भविष्य निर्वाह निधीसोबतची १९९५ ची योजना आहे, आणि तिच्यातून हाती येणारी रक्कम घर चालवण्याइतकी नसते. २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंतचा लांबलेला संप याच दुखण्यावर होता. 'आम्हाला शासनात विलीन करा' ही मागणी होती. पगार वाढला, विलीनीकरण झालं नाही.

आता दोस्ताचं खरं. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेलेला आहे. टाळेबंदीच्या काळात २०२० मध्ये पगार महिनोन्‌महिने थकले. २०१९ च्या भरतीत आठ हजारांवर चालक-वाहकांच्या जागा निघाल्या होत्या, पण निवडलेल्या कित्येक पोरांना पुढच्याच वर्षी घरी बसावं लागलं. सगळ्यात शेवटी आलेला माणूस सगळ्यात आधी थांबवला जातो. उतरत्या संस्थेचा हा नियम नव्याने जाणाऱ्याने आधी समजून घ्यावा.

मग जहाज खरंच बुडतंय का? मला तसं वाटत नाही. तोटा संस्थेचा आहे, गरज कमी झालेली नाही. आजही राज्यात रोज पन्नास लाखांच्या आसपास लोक एसटीने जातात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झाल्यावर गाड्या भरून वाहू लागल्या. खेड्यातल्या मुली बारावीपर्यंत मोफत पासवर शाळेत जातात. त्यांच्या गावाला काळी-पिवळी जाते, पण ती पास घेत नाही, आणि सीट भरल्याशिवाय हलतही नाही. अशी गाडी कोणतंही सरकार सहजासहजी बंद करू शकत नाही. सवलतीचे पैसे सरकारनेच महामंडळाला द्यायचे असतात, ते कधी वेळेवर येतात, कधी येत नाहीत. तरी एसटी चालत राहील, असंच मला दिसतं.

इथेच पोराला थांबवून मी सांगितलं, "एसटी वाचली म्हणजे एसटीतली नोकरी वाचली, असं नाही."

२०१७ मध्ये शिवशाही आली. तिच्यातल्या बऱ्याच गाड्या खाजगी मालकाच्या, ड्रायव्हर त्याचाच, फक्त कंडक्टर महामंडळाचा. नंतर ५,१५० विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला, त्यातही गाडी आणि ड्रायव्हर कंपनीचे. सप्टेंबर २०२५ मध्ये जी १७,४५० चालक आणि सहाय्यकांची भरती जाहीर झाली ती निविदा काढून, तीन वर्षांच्या कंत्राटावर, सुमारे तीस हजार रुपये पगाराची. म्हणजे गाडी तीच, बसस्टँड तेच, प्रवासी तेच, 'प्रवाशांच्या सेवेसाठी' ही अक्षरंही तीच. बदलली ती नेमणूकपत्रावरची सही. अब्बांच्या पत्रावर महामंडळाची सही होती, याच्यावर ठेकेदाराची असेल. संस्था उतरणीला लागते तेव्हा आधी तिच्यातली माणसं परकी होतात, बंद पडण्याची वेळ पुढे कधीतरी येते किंवा येतही नाही. आणि भिंतीवरची यादी गेली की निवडीचा अधिकार एजन्सीच्या टेबलावर जातो. तिथे कोणाचं नाव चालेल आणि कोणाचं नाही, हे विचारायला जागा राहत नाही. आपल्यासारख्यांना या बदलाची झळ जास्त बसणार, हे उघड बोलायला हवं.

तरीही मी त्याला 'जाऊ नको' म्हटलं नाही. कारण तुलना अब्बांच्या नोकरीशी करायची नसते, हातात जे आहे त्याच्याशी करायची असते. भाचा आज दुसऱ्याच्या पिकअपवर सोयाबीन आणि भाजीपाला वाहतो. रोजी आहे, पण ना निधी, ना सुट्टी, ना कागद. दुसरा रस्ता रात्रीच्या खाजगी ट्रॅव्हल्सचा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर एक खाजगी बस उलटून पेटली आणि पंचवीस जण गेले. तेव्हापासून रात्रीच्या गाडीवर पोरगा पाठवताना आपल्या जिल्ह्यातल्या आया झोपत नाहीत. या दोन्हींच्या शेजारी तीन वर्षांचे तीस हजार ठेवून पाहिले, तर सौदा वाईट नाही. फक्त त्याला सौदाच म्हणावं, पक्की नोकरी म्हणू नये.

म्हणून मी त्याला पाच गोष्टी सांगितल्या. पहिली, कोणी दलाल 'लावून देतो' म्हणाला तर एक रुपयाही द्यायचा नाही. तीन वर्षांच्या कामासाठी लाच देणारा गुनाह तर करतोच, हिशेबातही मार खातो. दुसरी, पत्र हातात आल्याशिवाय पिकअप सोडायची नाही, आणि पत्रात पगार, कामाचे तास, अपघाताची जबाबदारी नीट वाचायची. उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवा असं आपल्याला शिकवलं आहे, मग रोजीचा करार तोंडी कसा? तिसरी, पहिल्याच महिन्यात निधीचा क्रमांक मागायचा आणि पैसे जमा होतात का ते मोबाईलवर पाहायचं. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाला ती द्यावी लागते, हे कायद्यात १९७० पासून आहे. चौथी, या पगाराच्या जोरावर लांब मुदतीचं कर्ज काढायचं नाही आणि नानीने रिश्त्याच्या बोलण्यात 'सरकारी नोकरी' म्हणायचं नाही. ती फसवणूक होईल. पाचवी, तीन वर्षांत सरळ भरतीचा प्रत्येक अर्ज भरायचा. रिझ्क देणारा अल्लाह आहे, पण तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणं नव्हे.

आणि आपण मोठ्यांनीही एक करावं. एसटीच्या तोट्यावर चौकात हळहळत बसण्यापेक्षा आमदारांना, पालकमंत्र्यांना हे विचारावं की कंत्राटावर तीन वर्षं सुरक्षित गाडी चालवणाऱ्याला पुढच्या कायम भरतीत गुण देणार का? कायम भरती काढणार तरी कधी? हा प्रश्न फक्त मुसलमान पोरांचा नाही. मेहकरच्या मराठा शेतकऱ्याच्या पोराचा, शेगावच्या बौद्ध पोराचाही आहे. तिघंही एकाच रांगेत उभे राहणार आहेत.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे जाऊ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जा. पण नानांची नोकरी मिळाली असं समजून जाऊ नको."

नानी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. अर्ज मात्र तो भरणार आहे.