गैरहजर बापाची सही

यंदाच्या अंकासाठी एकट्याने मूल वाढवणाऱ्यांचे अनुभव मागवले, तेव्हा बहुतेक पत्रांत फिरून एकच प्रसंग येत राहिला. शाळा असो, बँक असो की हॉस्पिटल. टेबलापलीकडून विचारणा होते, ‘मुलाचे वडील आहेत ना? मग त्यांची सही आणा.’ वडील आहेत, म्हणजे हयात आहेत. वर्षानुवर्षं फोन नाही, पोटगी नाही, मूल तापाने फणफणलं तरी चौकशी नाही. आई निघून गेल्यावर मागे उरलेल्या बापांचीही पत्रं आहेत, पण थोडी.

परित्यक्तांची चळवळ संगमनेरमध्ये उभी राहिली तेव्हा लढा पोटगीचा आणि डोक्यावरच्या छपराचा होता. सहीचा प्रश्न तेव्हापासून मागेच राहिला. १९५६च्या कायद्यानुसार हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आई त्याच्यानंतर. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावावर रोखे घ्यायला केलेल्या अर्जावरही रिझर्व्ह बँकेने बापाचीच सही मागितली होती. त्यावरून झालेल्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाप मुलाबाबत पूर्ण उदासीन असेल तर तो हयात असूनही अनुपस्थित समजावा आणि आई पालक. पासपोर्टच्या अर्जात २०१६च्या अखेरीपासून एका पालकाचं नाव पुरतं. टेबलापलीकडचा प्रश्न मात्र तोच आहे.

खरी अडवणूक होते ती दत्तकाच्या वेळी. हिंदू दत्तक कायद्यात दुसऱ्या जन्मदात्याची संमती लागते. त्याने पूर्ण संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल किंवा कोर्टाने त्याला मनोरुग्ण ठरवलं असेल, तरच सूट. मूल टाकून शेजारच्या तालुक्यात दुसरं बिऱ्हाड थाटणारा या यादीत बसत नाही. आईचा दुसरा नवरा मुलाला दहा वर्षं शाळेत सोडत असला, तरी संमती त्या पहिल्याचीच.

अमेरिकेत आईबापाचे हक्क कायमचे संपवण्याचा दावा करता येतो. आपल्याकडे तसा स्वतंत्र दावा नाही. तो आणावा, अशी काही पत्रलेखिकांची मागणी आहे. त्यांचा संताप मला पूर्ण समजतो, तरी मागणी पटत नाही. नातंच तोडलं तर मुलाचा पोटगीवरचा आणि वारशावरचा हक्कही जाऊ शकतो, आणि पळणाऱ्याला तेच हवं असतं. त्याची अडवण्याची ताकद काढून घ्या, देणं ठेवा.

ठरावीक काळ संपर्कही नाही आणि खर्चही नाही, एवढं सिद्ध झालं की कौटुंबिक न्यायालयाने एकच आदेश द्यावा: शाळा, उपचार, पासपोर्ट, बँक, दत्तक, सगळ्याला एका पालकाची सही पुरेल. पत्ता सापडत नसेल तर वर्तमानपत्रात नोटीस द्यावी. पण बाप स्वतः गेला, की त्याला मुलापर्यंत पोहोचूच दिलं नाही, हे कोर्टाने आधी नीट तपासावं. अशीही घरं आहेत. पुढे तो परतला तर थकलेला खर्च भरून अर्ज करावा, आणि भेटी मुलाला झेपेल त्या गतीने व्हाव्यात.

आमचा अंक मुख्याध्यापकांच्या आणि बँक अधिकाऱ्यांच्या घरीही जातो. त्यांना नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही, १९९९चा निकाल हाताशी आहे. मूल घेऊन समोर उभ्या असलेल्या आईची सही घ्या.