दहा वर्षंही न टिकलेली रेल्वे

रिछाईच्या औद्योगिक भागात मालाने भरलेले ट्रक तुम्ही नेहमी पाहत असाल. समजा, अर्ध्या वाटेत सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागला, तर? वेळ जाईल, मजुरी वाढेल, पोती फाटतील. १८८० च्या दशकात नागपूरला हेच करावं लागत होतं.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पण त्यापुढे, भातासाठी प्रसिद्ध असलेल्या छत्तीसगडकडे जायला रूळ नव्हते. म्हणून नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधली गेली. १८८२ मध्ये ती गोंदियावरून राजनांदगावपर्यंत पोहोचली. लांबी सुमारे २४० किलोमीटर.

मग अडचण कुठे होती?

मुंबईच्या मार्गावर दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर होतं. नव्या मार्गावर ते फक्त १,००० मिलिमीटर, म्हणजे मीटरगेज ठेवलं. अरुंद मार्ग बांधायला स्वस्त पडतो. पण एका मार्गाचे डबे दुसऱ्यावर चालेनात! त्यामुळे मुंबईला जाणारं धान्य नागपूरला उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावं लागे.

१८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग घेतला, रुंद केला आणि बिलासपूरवरून आसनसोलपर्यंत वाढवला. १ फेब्रुवारी १८९१ ला नागपूर ते आसनसोल मालगाड्या सुरू झाल्या. छोट्या रेल्वेचं नावही मागे पडलं.

याचा जबलपूरशी काय संबंध? १८७० मध्ये मुंबई आणि कोलकात्याकडचे रेल्वेमार्ग जबलपूरलाच जोडले गेले होते. आता नागपूरवरून त्याहून जवळचा रस्ता तयार झाला.

मग मीटरगेजवरचा खर्च वाया गेला का? काही प्रमाणात, हो. एकच काम दोनदा करावं लागलं. पण पहिला रस्ता आखला गेला, म्हणूनच पुढचा मार्ग तयार झाला. आजही मुंबई-हावडा गाड्या गोंदिया, राजनांदगाववरून धावतात. आपणही घरात एखादी गोष्ट स्वस्त मिळते म्हणून घेतो. तेव्हा किमतीसोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ‘ही आपल्याकडच्या बाकीच्या वस्तूंशी जुळेल का?’

जबलपूर-गोंदिया मार्गावरही पूर्वी छोटी गाडी धावायची. आता तोही मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. तुमच्या आजी-आजोबांनी त्या गाडीतून प्रवास केला होता का? आज त्यांना नक्की विचारा.