शिरस्त्राण हवे, सक्ती मात्र कोणावर?

रस्ता सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या समाजात तत्काळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कायदा कठोर करा, दंड वाढवा, म्हणजे लोक आपोआप सुधारतील. दुसरा तट म्हणतो, आमचे डोके आमचे आहे, त्याची चिंता सरकारने वाहू नये. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवरून पुणेकरांनी हा वाद वर्षानुवर्षे रंगवला. जानेवारी २०१९ मध्ये तेथे सक्तीची अंमलबजावणी कडकपणे सुरू झाली, तेव्हा निषेधाचे मोर्चेही निघाले. आता शहरांत हौशी सायकलस्वारांची संख्या वाढू लागल्याने सायकलस्वारानेही शिरस्त्राण वापरावे काय, आणि कायद्याने ते त्याच्यावर बंधनकारक करावे काय, असे प्रश्न विचारले जाऊ लागले आहेत. हे दोन प्रश्न एक नव्हेत. त्यांची गल्लत केल्यामुळेच या विषयावरची चर्चा बहुधा निष्फळ ठरते.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हे मोटारसायकलस्वारांसाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्या कलमाच्या भंगासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद केली. सायकल हे मोटार वाहन नसल्याने सायकलस्वार या कलमाच्या कक्षेत येत नाही. दुचाकीवर मागे बसणाऱ्या चार वर्षांखालील बालकांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये जे नियम अधिसूचित झाले, त्यांत बालकाच्या मापाचे क्रॅश हेल्मेट किंवा सायकलचे हेल्मेट चालेल असे म्हटले आहे. म्हणजे सायकलच्या हेल्मेटचा उल्लेख केंद्रीय नियमांत आला तोदेखील मोटारसायकलीच्या निमित्ताने! प्रत्यक्ष सायकल चालवणाऱ्याविषयी मात्र हे नियम मौन पाळतात.

शिरस्त्राण काय करते, काय करत नाही

शिरस्त्राणाने संरक्षण मिळते का, हा मतांचा विषय नाही. तो मोजमापाचा विषय आहे, आणि मोजमाप झालेले आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधक ऑलिव्हिए आणि क्रेटन यांनी २०१६ मध्ये जगभरातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. अपघातात सापडलेल्या सायकलस्वारांपैकी ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, त्यांना डोक्याची इजा होण्याची शक्यता निम्म्याने, तर डोक्याची गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. व्यावसायिक सायकल शर्यतींचा इतिहासही हेच सांगतो. १९९५ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये इटलीचा फाबिओ कासार्तेली उतारावर पडून डोक्याच्या दुखापतीने मरण पावला. मार्च २००३ मध्ये 'पॅरिस-नीस' शर्यतीत कझाकस्तानच्या आंद्रेई किव्हिलेव्हचा तसाच अंत झाला. हेल्मेटला वर्षानुवर्षे नाके मुरडणाऱ्या त्या क्षेत्राने त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते बंधनकारक केले. दिवसाचे सहा-सहा तास सायकलवर काढणाऱ्या निष्णात स्वारांना जे मानावे लागले, ते आपण नाकारण्यात शहाणपण नाही.

परंतु या शिरस्त्राणाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. सायकलचे हेल्मेट म्हणजे आत थर्माकोलसारख्या फेसाळ पदार्थाचा जाड थर आणि वर पातळ कवच. आघात होताच तो थर चिरडला जातो, डोके थांबण्यास काही सहस्रांश सेकंद अधिक मिळतात, आणि तेवढ्यावर मेंदू वाचतो. युरोपमध्ये या हेल्मेटची जी प्रमाणित चाचणी होते, तीत ते सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर आपटले जाते. आदळण्याच्या क्षणी त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सायकलवरून तोल जाऊन पडणे, खड्ड्यात चाक अडकणे, ओल्या रस्त्यावर घसरणे, उघडलेल्या मोटारीच्या दारावर आपटणे अशा प्रसंगांसाठी ते घडवलेले आहे. ताशी ७० किलोमीटर वेगाने मागून येणाऱ्या मालमोटारीसमोर ते टिकेल अशी ग्वाही त्याच्या निर्मात्यानेही कधी दिलेली नाही. पाव किलो वजनाच्या टोपीकडून दहा टनांच्या वाहनाला अडवण्याची अपेक्षा करणे हा भाबडेपणा झाला.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. पडण्यापासून शिरस्त्राण वाचवते, म्हणून ते घालावे. चिरडण्यापासून ते वाचवत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबून शासनाने आणि समाजाने निश्चिंत होऊ नये.

अर्धवट दाखले

हेल्मेटच्या विरोधकांचा आवडता दाखला नेदरलँड्सचा. सायकलींचा तो देश. तेथे प्रौढ माणसे सर्रास उघड्या डोक्याने सायकल चालवतात आणि तरीही सुरक्षित असतात, मग आम्हालाच हा उपद्व्याप कशाला, असे विचारले जाते. दाखला खरा आहे, पण अर्धा आहे. १९७१ साली त्याच देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. 'बालहत्या थांबवा' अशा घोषणेने तेथील पालक रस्त्यावर उतरले, आणि पुढची काही दशके त्या राष्ट्राने सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग, वस्त्यांतील वेगमर्यादा आणि चौकांची नवी रचना यांवर पैसा आणि बुद्धी खर्च केली. त्यांनी आधी रस्ता सुरक्षित केला. उघडे डोके ही त्या पुरुषार्थाची नंतरची कमाई आहे. आपण रस्ता सुधारलेला नाही आणि त्यांच्या उघड्या डोक्याचा मात्र हवाला देतो. शिवाय त्या देशातही विजेवरच्या वेगवान सायकली वाढल्यापासून, विशेषतः वृद्धांनी हेल्मेट घालावे, असा आग्रह तेथील डॉक्टर धरू लागले आहेत.

सक्तीच्या समर्थकांचा दाखला ऑस्ट्रेलियाचा. तेथील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये, तर न्यूझीलंडने १९९४ मध्ये सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. हाही दाखला अर्धाच. त्या सक्तीमुळे सायकल चालवणारेच कमी झाले काय, यावर तेथे आजवर वाद आहे. मेलबर्न शहराने २०१० मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना आणली. तिला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही आणि २०१९ मध्ये ती गुंडाळली गेली. त्या अपयशात हेल्मेटसक्तीचा वाटा होता असे अनेकांचे मत आहे. मेक्सिको शहराने २०१० मध्ये, आणि इस्रायलने २०११ मध्ये शहरांतील प्रौढांपुरती, आपली सक्ती मागे घेतली. ज्या उपायाने सायकलच रस्त्यावरून नाहीशी होते, त्याला सायकलस्वाराच्या सुरक्षेचा उपाय म्हणता येत नाही.

सायकल कोण चालवतो?

आपल्या देशापुरता विचार करताना एक मूलभूत प्रश्न विचारावाच लागेल : येथे सायकल चालवतो कोण? रविवारी पहाटे घाट चढणारा, महागडी सायकल आणि रंगीत पोशाख असलेला स्वार आपल्याला दिसतो, कारण त्याची छायाचित्रे छापून येतात. त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतेच. परंतु भारताच्या रस्त्यांवरचा बहुसंख्य सायकलस्वार हा नव्हे. तो बांधकामावर जाणारा मजूर आहे, पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा आहे, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेला गवळी आहे, मुंबईचा डबेवाला आहे आणि रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार आहे. शाळा लांब आहे म्हणून रोज काही किलोमीटर सायकल मारणारी खेड्यातली मुलगीही त्यांतच येते. त्याची सायकल जुनी असते, तिला दिवा नसतो, आणि चांगल्या हेल्मेटची किंमत त्याच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी असते.

अशा माणसावर दंडाची सक्ती लादली तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. सायकलीला दिवा नाही म्हणून किंवा 'डबलसीट' नेले म्हणून पावती फाडली जाण्याचे दिवस जुन्या पिढीला आठवत असतील. त्या पावत्यांनी किती प्राण वाचले कोण जाणे. गरिबाच्या खिशाला चाट मात्र बसत असे. भरधाव मोटारीला अडवणे कठीण आणि सायकलवाल्याला अडवणे सोपे, म्हणून कायद्याचा हात नेहमी सोप्या जागी पडतो.

याहून गंभीर धोका न्यायालयात आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मृत दुचाकीस्वाराने हेल्मेट घातले नव्हते, म्हणजे अपघातास तोही अंशतः जबाबदार होता, असा बचाव विमा कंपन्या घेतात आणि भरपाई कमी करण्याची मागणी करतात. उद्या सायकलस्वारावर हेल्मेटची कायदेशीर सक्ती झाली, तर हाच बचाव मजुराच्या विधवेविरुद्ध उभा राहील. मागून येऊन त्याला उडवणारा चालक मद्यधुंद होता, वेगात होता, हे बाजूला पडेल, आणि मेलेल्याच्या डोक्यावर टोपी नव्हती याची चर्चा होईल. दुर्बळाला वाचवण्यासाठी केलेला नियम दुर्बळाच्याच विरोधात पुरावा म्हणून वापरला जावा, याहून मोठी विटंबना कोणती?

जबाबदारीचा क्रम

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के होते आणि पादचारी १९.५ टक्के. सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. ही आकडेवारी वाचल्यावर सक्ती कोणावर हवी, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. ज्याच्या हाती अधिक वजन आणि अधिक वेग, त्याच्यावर अधिक बंधन. हा न्यायाचा साधा नियम आहे. आपल्या कुटुंबव्यवस्थेतही थोरल्याने धाकट्याला सांभाळून घ्यायचे असते. रस्ता हेही एक सार्वजनिक घरच आहे, आणि त्या घरात मालमोटार थोरली, सायकल धाकटी.

म्हणून सायकलस्वाराला सक्ती नको, परंतु तेवढ्याने विषय संपत नाही. कायदा सांगत नाही म्हणून करायचे नाही, ही वृत्ती स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकाला शोभणारी नाही. पोलीस उभा असेल तेथेच नियम पाळणारा समाज शिस्तबद्ध नसतो, तो केवळ भित्रा असतो. स्वयंशिस्त ही वरून लादता येत नाही; ती घरातून, शाळेतून, मैदानातून रुजवावी लागते. ज्याला परवडते त्या प्रत्येक सायकलस्वाराने हेल्मेट घालावे. भुवयांच्या वर दोन बोटे अंतर राहील असे ते सरळ बसवावे, हनुवटीखालचा पट्टा घट्ट बांधावा आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. उकडते, केस विस्कटतात, लोक हसतात, या सबबी एका मेंदूच्या किमतीपुढे क्षुल्लक आहेत. 'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

समाजाला आणि शासनाला करण्यासारखेही पुष्कळ आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. ही योजना स्तुत्य आहे. त्या साहाय्यात एका चांगल्या हेल्मेटची, मागच्या परावर्तकाची आणि दिव्याची भर घालावी. गणेशोत्सव मंडळे, व्यापारी संघ, सहकारी संस्था यांनी आपल्या भागातील वृत्तपत्रविक्रेत्या मुलांना आणि कामगारांना हेल्मेट द्यावीत. एका रोषणाईच्या खर्चात शेकडो डोकी झाकली जातील. शाळांनी सायकलवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना रस्त्यावर वळावे कसे, हात कसा दाखवावा, मोठ्या वाहनाच्या डाव्या बाजूला का जाऊ नये, हे प्रत्यक्ष शिकवावे. आणि महापालिकांनी कागदावरचे सायकल मार्ग जमिनीवर आणावेत. पुण्यात सायकलींचा सर्वंकष आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. परंतु जे मार्ग त्याआधीपासून आहेत, त्यांवरही वाहने उभी असतात आणि टपऱ्या मांडलेल्या असतात. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून देशभर मिरवलेल्या नगरीची ही दशा असेल, तर इतरांविषयी काय बोलावे?

सायकल चालवणारा माणूस परकीय तेल जाळत नाही, हवा नासवत नाही, जागा अडवत नाही. तो राष्ट्राचे ओझे हलके करतो. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे ही त्याची स्वतःच्या कुटुंबाप्रती जबाबदारी. पण त्या शिरस्त्राणाची कसोटी पाहण्याची वेळच त्याच्यावर येऊ नये, ही उरलेल्या आपणा सर्वांची. पहिली जबाबदारी त्याला प्रेमाने समजावून सांगावी. दुसरीसाठी मात्र कायद्याचा बडगा उगारावा, आणि तो योग्य पाठीवर उगारावा.