चार मिनिटांत आलेला नकार नेमका कोणी दिला?

मागच्या वर्षी नोकरी शोधत होते, तेव्हा एका कंपनीचा नकाराचा मेल अर्ज केल्यावर चार मिनिटांत आला. रात्री साडेअकरा वाजता. ‘आपला अर्ज आम्ही काळजीपूर्वक वाचला’ असं त्यात लिहिलं होतं. एवढ्या रात्री, चार मिनिटांत कोणी वाचला असेल? पण तेव्हा हे सुचलंच नाही. आपलंच काहीतरी कमी पडलं म्हणून दुसऱ्या दिवशी एका ऑनलाइन कोर्सचे पैसे भरून मोकळी झाले.

अमेरिकेत डेरेक मोब्ली यांनी याच मुद्द्यावर कोर्ट गाठलंय. शंभराहून जास्त अर्ज, सगळीकडे नकार. त्यांच्या म्हणण्यानुसार एक अर्ज त्यांनी मध्यरात्री १२:५५ ला केला आणि १:५० ला नकार आला. हे अर्ज ‘वर्कडे’ या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून जात होते. २०२३ मध्ये त्यांनी वर्कडेवरच खटला भरला. हे सॉफ्टवेअर वय, वंश आणि अपंगत्वावरून भेदभाव करतं, असा त्यांचा आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही. मे २०२५ मध्ये कोर्टाने वयाच्या मुद्द्यावर चाळिशीपुढच्या इतर अर्जदारांनाही यात सामील होण्याची वाट मोकळी केली.

आता हे सॉफ्टवेअर, म्हणजे एटीएस, करतं काय? आधी तुमच्या पीडीएफमधला मजकूर उपसून नाव, अनुभव, स्किल्स अशा रकान्यांत भरतं. मग एचआरने लावलेल्या चाळण्या चालतात. झटपट येणाऱ्या नकारामागे बहुतेक वेळा एआयबियआय नसतं, फॉर्ममधला एखादा साधा प्रश्न असतो: किती वर्षांचा अनुभव, कधी रुजू होऊ शकाल. मी तिथे ९० दिवस भरले होते. त्यांना माणूस ३० दिवसांत हवा होता, हे जाहिरात परत वाचल्यावर दिसलं. कोर्सने त्यात काय फरक पडणार होता?

दुसरी गडबड रेझ्युमेतच होती. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. सॉफ्टवेअरला साधारण काय दिसतं ते कळेल. माझ्या दोन कॉलमच्या देखण्या डिझाइनमध्ये फोन नंबर जुन्या कंपनीच्या नावाला चिकटला होता. मराठीत लिहिलेली पुरस्काराची ओळ तर इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली होती, कारण ती युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. मराठीत काम करणाऱ्यांनी हे एकदा तपासाच.

मग मी एक्सेलमध्ये तीन रकाने केले: अर्जाची वेळ, नकाराची वेळ, कुठल्या टप्प्यावर. तासाभरात आलेले नकार फॉर्म आणि फाइल तपासायला वापरले. मनाला लावून घेतले ते फक्त मुलाखतीनंतरचे. अशा चार जणांना मेल करून कारण विचारलं, एकाने उत्तर दिलं: काम काय केलं ते सांगितलंत, त्यातून काय साधलं ते सांगितलं नाहीत. तो नकार खरा होता आणि त्यावर मी महिनाभर मेहनत घेतली.

न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशी स्वयंचलित साधनं वापरणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी त्यांचं भेदभाव-ऑडिट करून घ्यावं लागतं आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र मशीनने दिलेल्या नकाराचं कारण मागण्याचा हक्क नाही. तोवर मेल आल्याची वेळ बघणं एवढंच आपल्या हातात आहे.