स्पीकरची तार: किती महाग, किती जाड?
स्पीकरच्या तारेचे काम एकच: अ‍ॅम्प्लिफायरमधला विद्युतप्रवाह कमीत कमी रोधाने स्पीकरपर्यंत नेणे. छाब्रिया बंधूंच्या फिनोलेक्समुळे पिंपरीचे नाव ज्या साध्या तांब्याच्या वायरशी जोडले गेले, तीही हे काम चोख करते. दुकानात ‘अडीच एमएम’ म्हणून मिळणाऱ्या वायरचा पाच मीटर अंतरावर, जाण्यायेण्याचा मिळून, रोध सुमारे 0.08 ओहम भरतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो जेमतेम एक टक्का, कानाला न जाणवणारा. अर्ध्या एमएमच्या वायरचा रोध मात्र पाचपट, म्हणून इतक्या अंतराला ती टाळावी. चांदी तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्केच अधिक सुवाहक आहे, आणि तेवढा फायदा तांब्याची तार किंचित जाड घेतली की मिळतो. चांदीच्या तारेवर हजारो रुपये घालणे व्यर्थच. तरीही अनेकांना फरक ऐकू येतो, आणि तो अनुभव खोटा नसतो: आवाज जरासा मोठा झाला तरी कानाला अधिक चांगला वाटतो, किंमत ठाऊक असेल तर आणखीच. म्हणून तुलना दोन्हींची पातळी जुळवून आणि तार झाकूनच करावी. प्रेक्षागृहातल्या मायक्रोफोनची लांब केबल हा वेगळा विषय. तिथे चांगले आवरण आणि दोन वाहकांची संतुलित जोडणी वीजतारांची गुणगुण खरोखर रोखते.