काळा पडदा आणि पानशेतचा पूर

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, ड्रायव्हर बदलायचा म्हणून लिनक्सचा डेस्कटॉप बंद केला, तर सगळं काळंच झालं. पॉवरचं बटण दाबून धरू का?"

मी जवळजवळ ओरडलोच, "थांब! बटणाला हात लावू नकोस." मागून ताईचा आवाज आला, "अरे, एवढं ओरडायला काय झालं?" काय झालं ते तिला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. घरातल्या काहींना अर्धी गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी माझ्या मूर्खपणाची आहे.

२००३ सालचा मे महिना. आत्या आमच्याकडे राहायला आली होती. दुपारची जेवणं झाली की ती बोलायची आणि मी टाइप करायचो. मशीन जुनं, मेमरी ६४ एमबी. ग्राफिकल डेस्कटॉप सुरू केला की धापा टाकायचं. म्हणून मी काळ्या कन्सोलवरच, नॅनो या साध्या एडिटरमध्ये, रोमन अक्षरांत आयट्रान्स पद्धतीने मराठी लिहीत असे. दोन दुपारी आजोबांच्या नोकरीत आणि भाऊबंदकीत गेल्या. तिसऱ्या दुपारी तिने पानशेतचा पूर सांगितला. १२ जुलै १९६१. नारायण पेठेतलं घर, जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढलं, कोणी काय उचललं, काय राहिलं.. सलग दीड तास. मी एकदाही सेव्ह केलं नाही.

मध्येच तिला जुन्या वाड्याचा स्कॅन केलेला फोटो बघायचा होता. नॅनो दुसऱ्या कन्सोलवर तसाच ठेवला, पहिल्यावर येऊन 'स्टार्टएक्स' टाइप केलं, फोटो दाखवला, डेस्कटॉपमधून बाहेर पडलो आणि पडदा काळा. कर्सर नाही, काही नाही. दोन-चार कळा दाबल्या आणि बटण दाबून धरलं. मशीन परत सुरू झालं, डिस्क तपासून झाली. पहिल्या दोन दुपारी जागच्या जागी होत्या. तिसरी नव्हती.

खरं म्हणजे ते मशीन मेलंच नव्हतं. फक्त दिसत नव्हतं. कीबोर्ड चालू होता, नॅनो चालू होता, पूर मेमरीत जसाच्या तसा होता. न बघता ऑल्ट-एफ२, मग कंट्रोल-ओ, मग एंटर. एवढ्या तीन गोष्टी केल्या असत्या तर तो डिस्कवर उतरला असता. हे मला चार महिन्यांनी कळलं.

असं का व्हायचं, तर त्या काळी ग्राफिक कार्ड दोघांच्या ताब्यात असे. कर्नल ८० रकाने आणि २५ ओळींच्या टेक्स्ट मोडमध्ये अक्षरं दाखवायचा. एक्स सर्व्हर सुरू झाला की तो रूटच्या अधिकाराने थेट कार्डाच्या रजिस्टरांत हात घालायचा आणि सगळी मांडणी बदलायचा. सुरुवातीला जुनी मांडणी टिपून ठेवायची आणि जाताना होती तशी लावून द्यायची, असा करार. ड्रायव्हरकडून एखादं रजिस्टर जरी टिपायचं राहिलं तरी एक्स निघून गेल्यावर कार्ड धड इकडे ना तिकडे. कर्नल बिचारा अक्षरं लिहीतच असायचा, पण ती पडद्यापर्यंत पोचायची नाहीत. बूट करताना 'व्हीजीए=७९१' देऊन १०२४ बाय ७६८चं देखणं कन्सोल घेतलं असेल तर हा त्रास जास्त. ते काढून 'व्हीजीए=नॉर्मल' केलं की बरेचदा सुटायचा. आणि गंमत म्हणजे त्याच अंधारात 'स्टार्टएक्स' टाइप केलं की डेस्कटॉप झकास परत यायचा, कारण एक्स स्वतःची मांडणी पहिल्यापासून करतो.

तेव्हा जाणकार मित्र म्हणायचे, कन्सोल हवंय कशाला, डेस्कटॉप चालतोय ना? मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. कन्सोल म्हणजे घराचं परसदार. पुढच्या दाराचं कुलूप अडकतं तेव्हाच त्याची आठवण येते, आणि नेमकं तेव्हाच ते उघडत नसेल तर काय उपयोग? मार्च २००९ मध्ये २.६.२९ कर्नलमध्ये इंटेलच्या कार्डांसाठी मोड बदलण्याचं काम कर्नलने स्वतःकडे घेतलं. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. फ्रीबीएसडीवर तर आणखी मजा. तिथे कर्नलकडून मोड बदलणारे ड्रायव्हर आले, पण सिसकॉन्स या जुन्या कन्सोलला त्यांचा पत्ताच नव्हता, म्हणून एक्समधून परत यायची वाटच बंद. २०१४ साली १०.१ मध्ये व्हीटी हे नवं कन्सोल निवडता येऊ लागलं, आणि २०१६ मध्ये ११.० पासून तेच मुळात येऊ लागलं.

असो. आत्याला मी नंतर दोनदा विचारलं. "सांगितलं की एकदा," म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, पण चार वाक्यांत. पायऱ्यांचा आकडा त्यात नव्हता. २००९ मध्ये ती गेली.

तर भाच्याला म्हटलं, आधी कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो का?

"लागतो."

मग कर्नल जिवंत आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३. दोन सेकंद थांब. आता युजरनेम, एंटर, पासवर्ड, एंटर.

"पण मामा, पासवर्ड बरोबर पडला की नाही हे दिसणार कसं?"

"एरवी तरी कुठे दिसतो?"

हसला. मग 'सुडो रीबूट', पुन्हा पासवर्ड, आणि मशीन रीतसर बंद होऊन परत उठलं. कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर होता आणि त्याचा मोडसेटचा पर्याय बंदच होता. तो चालू केला, डेस्कटॉप पुन्हा बंद करून बघितला, तर या वेळी अक्षरं आली. फोन ठेवता ठेवता ताईने विचारलं, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं म्हणे? मला सात आठवतात. तिला नऊ. कुणाला नक्की माहीत असेल तर खाली लिहा.